हिरवी तार

तापकीर गल्लीत सहा अँपियरचे चाळीस स्विच मागितले
तर दुकानदार म्हणाला, वायरमनला पाठवा ना, बाई.
म्हटलं, आलीये ती. मोजा.

शनिवार, दुपारचे तीन.
गुलटेकडीची मनपा शाळा, सातवी ब चा वर्ग,
बाकांवर कुणीकुणी कोरलेले बदाम
आणि त्यांच्यावर आमचे टेस्टर, पकडी, चिकटपट्ट्या.

अर्जात एक रकाना होता : पार्श्वभूमी.
संस्थेला तो भरून लागतो.
तहसीननं विचारलं, म्हणजे मागे काय आहे ते?
आणि लिहिलं, मागे कॅनॉल आहे.
मी खोडलं नाही.

सहीचा रकाना त्याहून अवघड.
बिमलाचे वडील, रात्रपाळीची बॅटरी बगलेत,
आधी नेपाळीत पुटपुटले, मग मराठीत :
शॉक बसला तर?
मृण्मयीच्या आईनं हळूच विचारलं :
बाकीच्या मुली कुठल्या?
दोघांना मी एकच उत्तर दिलं,
पायात रबरी चप्पल हवी.

यल्लव्वा आईचा अंगठा घेऊन आली.
शाईत सिमेंट मिसळलेलं.
फाइलमध्ये तो कागद अजून
बाकीच्यांपेक्षा जाड लागतो बोटांना.

पहिल्या दिवशी बोर्डाला कुणी शिवेना.
हात लावू नकोस,
हे सगळ्यांनी ऐकलेलं साधारण एकाच वयात,
कुणी देव्हाऱ्यापाशी, कुणी भावाच्या सायकलपाशी,
कुणी घरातल्या एकुलत्या एक मोबाईलपाशी.
ते एकमेकींना सांगता सांगता
साडेचार वाजले.
त्या दिवशी एकही स्क्रू फिरला नाही
आणि मी हजेरीवर लिहिलं : तास चांगला झाला.

यल्लव्वा तार दातांनी सोलायची.
दातांनी नाही गं, मी ओरडायचे,
ती हसायची, ओठाला तांब्याचा एक केस चिकटलेला.
पण तिचा जोड असा बसायचा
की मी तो इतरांना दाखवायचे
आणि स्वतःही घरी जाऊन तसा करून बघायचे.

मुंढव्याला तिच्या आईबापांनी चौदा मजले चढवले,
वाळू, विटा, पाणी.
मग लिफ्ट लागली.
लिफ्ट लागली म्हणजे काम संपलं.
शनिवारी तिच्या नावापुढे गै,
पुढच्या शनिवारीही गै.
मी बसनं गेले, तर पत्र्याच्या खोल्यांच्या जागी
माळी लॉन अंथरत होता, गुंडाळी सोडवावी तसा.

तिमाही अहवालात लिहावं लागलं,
गळती : एक.
गळती काय असते ते मी मुलींना शिकवते :
करंट असतो तेवढाच असतो,
फक्त नको त्या वाटेनं जमिनीत जातो.
शिकवताना माझा आवाज कधी बसत नव्हता.

बुधवारी रात्री तव्यावर भाकरी, हात पिठाचे,
अनोळखी नंबर.
ताई, हिरवी कुठं लावू?
मागे बाळ रडत होतं,
कुणीतरी कन्नडमध्ये कुणालातरी झापत होतं.
अगं, आहेस कुठे?
माहीत नाही. हायवे दिसतो.
मेन बंद केलास?
आधीच. चप्पल पण घातलीये.
जाड पिनेला लाव, म्हटलं, आणि ताण ठेवू नकोस.

तिनं फोन बंद केला नाही,
पत्र्यावर ठेवला असावा.
स्क्रू फिरल्यासारखं काहीतरी.
मी गॅस बंद केला.
भाकरी एका बाजूनं करपली होती.

मग एकदम पंखा.
कन्नड थांबलं. बाळही.
पातं कशाला तरी घासत होतं,
खर्र, खर्र, इथपर्यंत ऐकू येत होतं.
यल्लव्वा, ते घासतंय बघ, मी म्हणाले.

ते उद्या, ती म्हणाली.
आज वारा खाऊ दे.